ऑक्सिजनची रिकामी जागा: धातूंची ऑक्साइडं कार्बन डायऑक्साइडला कामाला कसं लावतात

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या कार्बनची राख. लाकूड जळो, कोळसा जळो की पेट्रोल, त्यातली ऊर्जा ज्योतीबरोबर निघून जाते आणि मागे हा वायू उरतो. राखेला पुन्हा काडी लावून काही पेटत नाही. म्हणून ‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन’ असा मथळा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारावा: ऊर्जा कुठून आणली? त्याचा हिशोब शेवटाकडे मांडतो, आणि तो जरा कडू आहे. पण त्याआधीची रसायनशास्त्राची गोष्ट इतकी सुंदर आहे की ती घाईने उरकणं बरं नाही.

या वायूच्या रेणूत मधोमध कार्बनचा एक अणू आणि दोन्ही अंगांना ऑक्सिजनचा एकेक, तिघेही एका सरळ रेषेत. दोन्हीकडे दुहेरी बंध. त्यातला एक ऑक्सिजन नुसता ओढून काढायचा म्हटलं तर एका मोलमागे, म्हणजे ४४ ग्रॅम वायूमागे, सुमारे ५३० किलोज्यूल मोजावे लागतात. शिवाय रेणू दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे त्याला विजेच्या दृष्टीने टोकं अशी नाहीत. कुणाला चिकटावं, कुणाशी भांडावं, असं त्याला सहसा वाटत नाही. तांब्याच्या स्वच्छ पृष्ठभागावर तो येतो आणि बहुतेक वेळा तसाच निघून जातो.

त्याला बोलतं करायचं तर मधल्या कार्बनला बाहेरून इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. ते मिळाले की सरळ रेणू वाकतो. हे वाकणं फार महत्त्वाचं आहे. वाकलेल्या रेणूतले बंध सैल होतात, कार्बन उघडा पडतो आणि मग हायड्रोजनला त्याच्यापर्यंत पोचता येतं. स्वतः न संपता प्रक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. या क्षेत्रातल्या बहुतेक उत्प्रेरकांचं काम एका ओळीत सांगायचं तर इतकंच: रेणू वाकवायचा आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं.

ऑक्साइडच का?

धातूच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग एकसारखा नसतो. तिथे धनभार असलेले धातूचे आयन असतात आणि त्यांच्या शेजारी ऋणभार असलेले ऑक्सिजनचे आयन. कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनवर किंचित धनभार असतो, त्यामुळे पृष्ठभागावरचा ऑक्सिजन त्याला धरतो आणि कार्बोनेट तयार होतं. चुना हवेतला हा वायू शोषतो तो याच वाटेने, आणि त्याचा चुनखडक होतो.

पण चुन्याचंच उदाहरण या पद्धतीची मर्यादाही दाखवतं. चुनखडकातून तो वायू परत सोडवायचा तर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. चुना पकडतो, पण सोडत नाही. उत्प्रेरकाला दोन्ही यावं लागतं. पकड ढिली असेल तर रेणू प्रक्रिया होण्याआधीच सटकतो, घट्ट असेल तर जागा कायमची अडते आणि पुढच्या रेणूला वावच राहत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये यांनी हे तत्त्व मांडलं. १९१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांपैकी ते एक. निकेलवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून मिथेन बनवण्याची प्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग ऑक्साइडांमध्ये मधली पकड कुठून येते? इथे खरा नायक येतो, आणि तो म्हणजे पृष्ठभागावर नसलेला एक अणू.

इंडियम ऑक्साइडसारखं एखादं ऑक्साइड गरम करून त्यावरून हायड्रोजन सोडला, तर हायड्रोजन पृष्ठभागावरचा एखादा ऑक्सिजन उचलतो आणि पाण्याची वाफ होऊन निघून जातो. त्या ऑक्सिजनची जागा रिकामी राहते. प्रयोगशाळांत तिला ‘ऑक्सिजन व्हेकन्सी’ म्हणतात. गंमत अशी, की अणू गेला तरी त्याच्या वाट्याचे दोन इलेक्ट्रॉन मागेच राहतात आणि आजूबाजूच्या धातूच्या आयनांवर किंवा त्या जागेतच विसावतात. म्हणजे पृष्ठभागावर एक अशी जागा तयार झाली जिला ऑक्सिजन हवा आहे आणि जिच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन आहेत. कार्बन डायऑक्साइडकडे ऑक्सिजन आहे आणि त्याला इलेक्ट्रॉन हवेत. जोडी जुळली.

रेणू आपला एक ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत टेकवतो, इलेक्ट्रॉन कार्बनकडे सरकतात, रेणू वाकतो. इथून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर ऑक्सिजन तिथेच राहतो, जागा बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हायड्रोजन पुन्हा येऊन तो ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढून नेतो, की जागा परत रिकामी. घन पदार्थाने स्वतःचा ऑक्सिजन द्यायचा आणि नंतर भरून घ्यायचा, या चक्राला १९५४ मध्ये ते मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांवरून मार्स–फान क्रेव्हेलेन यंत्रणा म्हणतात. दुसऱ्या वाटेवर रेणू तुटत नाही. तो त्या जागेत धरलेला राहतो आणि त्याच्यावर हायड्रोजनचे अणू एकेक करून चढतात: आधी फॉर्मेट, मग मेथॉक्सी हे मधले टप्पे, आणि शेवटी मिथेनॉल, म्हणजे इंधन आणि कच्चा माल म्हणून वापरता येणारं साधं अल्कोहोल.

ही रिकामी जागा प्रत्येक ऑक्साइडमध्ये सारख्या सहजतेने होत नाही. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम आपला ऑक्सिजन इतका घट्ट धरतात की हायड्रोजनची डाळ शिजत नाही. उलट चांदीचं ऑक्साइड नुसत्या उष्णतेने ऑक्सिजन सोडून मोकळं होतं, पण मग कार्बन डायऑक्साइडकडून तो परत घेण्याची त्याला काहीच ओढ नसते. कामाची ऑक्साइडं या दोन टोकांच्या मधली: इंडियम, सेरियम, जस्त यांची, आणि योग्य सोबत मिळाली तर झिर्कोनियमचंही. या विषयातलं बरंचसं संशोधन म्हणजे रिकाम्या जागा किती, कुठे आणि किती सहज तयार होतील यावर ताबा मिळवण्याची खटपट आहे, असं माझं मत आहे.

उष्णतेची ओढाताण

कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू मिळाले की मिथेनॉलचा एक आणि पाण्याचा एक रेणू तयार होतो. या प्रक्रियेत दर मोलमागे सुमारे ४९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. शेजारीच दुसरी प्रक्रिया चालू असते: हायड्रोजनच्या एकाच रेणूने कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी बनवायचं. ती मात्र ४१ किलोज्यूल खाते. म्हणून तापमान वाढवलं की कार्बन मोनॉक्साइडचं फावतं आणि कमी केलं की मिथेनॉलचं. पण तापमान कमी केलं की हा निवांत रेणू हलायलाच तयार नसतो. चांगला उत्प्रेरक कमी तापमानाला काम करणारा हवा, तो याचसाठी.

दाबाचा कल मिथेनॉलकडे असतो, कारण चार रेणूंचे दोन होतात. तरीही २५० अंश आणि ५० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट, दाबाला एका फेरीत फार तर पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइडचंच रूपांतर होऊ शकतं. ही मर्यादा उत्प्रेरकाची नाही, समतोलाची आहे. उत्प्रेरक मुक्कामी लवकर पोचवतो, मुक्काम बदलू शकत नाही. कारखान्यात मिथेनॉल आणि पाणी थंड करून वेगळं काढतात आणि उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यामुळे कुणी एका फेरीत ९० टक्के रूपांतर झाल्याचं सांगितलं, तर तापमान आणि दाब आधी विचारावेत.

शंभर वर्षांपूर्वीचं जस्त

ऑक्साइड उत्प्रेरक ही काही नवी टूम नाही. १९२३ मध्ये जर्मनीतल्या लॉयना इथे बीएएसएफ कंपनीने औद्योगिक प्रमाणावर मिथेनॉल बनवायला सुरुवात केली, ती जस्त आणि क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर. तापमान ३०० ते ४०० अंश, दाब २५० ते ३५० बार. कोळशापासून मिळालेल्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणात गंधक भरपूर असायचं आणि ही ऑक्साइडं ते सहन करायची. तांबं जास्त चपळ आहे हे तेव्हाही माहीत होतं, पण गंधकाने ते मरायचं. वायू नीट शुद्ध करता येऊ लागल्यावर, १९६६ मध्ये, ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने तांबं, जस्ताचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड यांचा उत्प्रेरक आणला. तापमान २५० अंशांच्या आसपास आलं आणि दाब ५० ते १०० बारपर्यंत उतरला. आजही जगातलं बहुतेक मिथेनॉल याच घराण्यातल्या उत्प्रेरकांवर बनतं.

या कारखान्यांबद्दल बरीच वर्षं समजूत अशी होती, की मिथेनॉलमधला कार्बन कार्बन मोनॉक्साइडमधून येतो. मिश्रणात तोच जास्त असतो, तेव्हा ते स्वाभाविकही होतं. मग १९८० च्या दशकात खुणेचा कार्बन, म्हणजे वेगळ्या वजनाचा समस्थानिक, घालून तपासलं गेलं. नेहमीच्या औद्योगिक परिस्थितीत मिथेनॉलमधला बहुतेक कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं दिसलं! म्हणजे आपण जी प्रक्रिया भविष्यातली म्हणून बोलतो ती कारखान्यांच्या पोटात आधीपासूनच चालू होती. मोनॉक्साइड तयार झालेल्या पाण्याशी प्रक्रिया करून त्याला हटवण्याचं काम करत होता.

जस्ताचं ऑक्साइड यात नेमकं काय करतं, यावर मात्र अजून वाद आहे. तांबं हायड्रोजनचे रेणू फोडतं, इथपर्यंत मतभेद नाहीत. जस्ताचं ऑक्साइड तांब्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, हेही मान्य. पण खरी प्रक्रिया कुठे घडते? २०१२ मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या गटाने दाखवलं, की तांब्याच्या कणांवरच्या पायऱ्यांसारख्या कडा आणि तिथे मिसळलेलं जस्त निर्णायक ठरतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने मांडलं, की प्रक्रिया चालू असताना ते जस्त पुन्हा ऑक्साइड होतं आणि तांबं व जस्ताचं ऑक्साइड जिथे भेटतात ती सीमाच कामाची. पन्नास वर्षांहून जास्त काळ वापरात असलेल्या पदार्थाबद्दल ही स्थिती आहे! मला स्वतःला सीमारेषेची बाजू जास्त पटते. कारण ऑक्साइड रेणूला धरतं आणि धातू हायड्रोजन पुरवतो, ही कामाची वाटणी इतर अनेक उत्प्रेरकांतही पुन्हा पुन्हा दिसते.

मग शुद्ध कार्बन डायऑक्साइडसाठीही हाच उत्प्रेरक का वापरू नये? वापरतात, आणि चालतोही. अडचण पाण्याची आहे. मोनॉक्साइडपासून मिथेनॉल बनताना पाणी तयार होत नाही, डायऑक्साइडपासून बनताना मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू पडतो. गरम वाफेत तांब्याचे कण फुगत जातात, जस्ताच्या ऑक्साइडचे स्फटिक मोठे होतात आणि दोघांची सीमा आक्रसते. शिवाय पाण्यातही ऑक्सिजन असतो. ज्या रिकाम्या जागेत कार्बन डायऑक्साइड बसायचा तिथे पाणी येऊन बसतं. रिकामी जागा कोण आधी भरतो, याच शर्यतीवर उत्पादन ठरतं.

इंडियम, झिर्कोनियम आणि मंडळी

या शर्यतीत नवा खेळाडू आला तो इंडियम ऑक्साइड. मोबाइलच्या पडद्यावर जो पारदर्शक, वीज वाहून नेणारा थर असतो त्यातलाच हा मुख्य पदार्थ. २०१३ मध्ये संगणकीय गणितांनी सुचवलं होतं, की याच्या रिकाम्या जागांवर मिथेनॉलची वाट सोपी पडावी. २०१६ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने झिर्कोनियम ऑक्साइडच्या आधारावर इंडियम ऑक्साइड पसरून ३०० अंश आणि ५० बारला ते चालवलं. १,००० तास उत्प्रेरक थकला नाही आणि मोनॉक्साइडची भेसळ जवळजवळ दिसली नाही.

इथे तांबं नाही, मग हायड्रोजन कोण फोडतं? इंडियम ऑक्साइड स्वतःच, पण वेगळ्या पद्धतीने. तांब्यावर हायड्रोजनचे दोन सारखे अर्धे भाग होतात. ऑक्साइडवर एक भाग धनभार घेऊन ऑक्सिजनला चिकटतो आणि दुसरा ऋणभार घेऊन धातूला. हा दुसरा भाग शेजारच्या रिकाम्या जागेत वाकून बसलेल्या कार्बनवर थेट चढतो. आणि आधार म्हणून झिर्कोनियमच का? दोन्ही ऑक्साइडांच्या स्फटिकांची मापं पूर्ण जुळत नाहीत. वरच्या थरावर ताण येतो आणि त्या ताणामुळे ऑक्सिजन सोडून देणं सोपं होतं. साधी वाटणारी आधाराची निवडही शेवटी रिकाम्या जागांकडेच जाते.

पुढच्याच वर्षी चीनमधल्या दालियन इथल्या रासायनिक भौतिकी संस्थेने जस्त आणि झिर्कोनियम यांचं एकजीव मिश्र ऑक्साइड मांडलं. एकेकटं घेतलं तर दोन्ही ऑक्साइडं या कामात मंद आहेत. एकाच स्फटिकजालात शेजारी बसवली की जस्त हायड्रोजन फोडतं, बाजूचं झिर्कोनियम कार्बन डायऑक्साइड धरतं, आणि ३२० अंश, ५० बारला एका फेरीत १० टक्क्यांहून जास्त रूपांतर होतं. त्यातला ८६ ते ९१ टक्के भाग मिथेनॉल. ५०० तासांहून जास्त काळ ते टिकलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वायूत दशलक्ष भागांत ५० भाग गंधकाची संयुगं मिसळली तरी ते मेलं नाही. धुरांड्यातून येणारा वायू कधीच निर्मळ नसतो, त्यामुळे हा गुण प्रयोगशाळेत वाटतो त्याहून कारखान्यात मोठा ठरतो.

अशा ऑक्साइडला झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाची जोड दिली तर मिथेनॉलवर थांबावं लागत नाही. ऑक्साइडवर मिथेनॉल किंवा तत्सम मधला पदार्थ बनतो, तो झिओलाइटच्या छिद्रांत शिरतो आणि तिथे कार्बनला कार्बन जोडला जाऊन इथिलीन, प्रोपिलीन किंवा पेट्रोलच्या आकाराचे रेणू तयार होतात. लोखंडाचं ऑक्साइडही लांब साखळ्या बनवतं, पण प्रक्रिया चालू असताना त्याचा बराच भाग कार्बाइडमध्ये, म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या संयुगात, बदलतो. बाटलीवर ऑक्साइड लिहिलेलं असलं तरी भट्टीत काम करणारं काही वेगळंच असू शकतं.

ऊन, वीज आणि मंगळ

सेरियमच्या ऑक्साइडला, म्हणजे सेरियाला, हायड्रोजनची गरजच लागत नाही. आरशांनी एकवटलेल्या उन्हात ते १,५०० अंशांपर्यंत तापवलं की ते स्वतःहून ऑक्सिजन वायू सोडतं. दर शंभर ऑक्सिजन अणूंमागे जेमतेम एक-दोन, पण तेवढं पुरतं. मग तापमान ९०० अंशांच्या आसपास आणून त्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडायची. रिकाम्या जागा दोघांकडूनही ऑक्सिजन खेचून घेतात, बाहेर पडतात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. त्यांपासून पुढे विमानाचं इंधनसुद्धा बनतं. ईटीएचच्या संशोधकांनी २०१९ मध्ये विद्यापीठाच्या छतावर आणि नंतर माद्रिदजवळच्या सौर मनोऱ्यात हे करून दाखवलं. मनोऱ्यावरच्या संचात उन्हातल्या ऊर्जेपैकी साधारण ४ टक्के ऊर्जा त्या वायूमिश्रणात उतरली. बाकीची बरीचशी सेरिया तापवण्यात आणि थंड करण्यात वाया जाते. ही उष्णता परत कशी पकडायची, हा त्या तंत्रापुढचा मुख्य प्रश्न आहे.

झिर्कोनियमच्या ऑक्साइडमध्ये रिकाम्या जागा आणखी एका युक्तीने पाडता येतात. त्यात थोडं इट्रियम किंवा स्कँडियम मिसळायचं. यांचा धनभार झिर्कोनियमपेक्षा एकने कमी, म्हणून भाराचा हिशोब जुळवायला अशा दर दोन आयनांमागे ऑक्सिजनची एक जागा कायमची रिकामी राहते. ८०० अंशांना ऑक्सिजनचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत पलीकडे जातात. एका बाजूला कार्बन डायऑक्साइड ठेवून वीज लावली की तिथे मोनॉक्साइड उरतो आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध ऑक्सिजन जमतो. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या ‘मॉक्सी’ उपकरणाने एप्रिल २०२१ मध्ये मंगळाच्या हवेतून पहिल्यांदा ऑक्सिजन काढला तो याच तत्त्वावर. २०२३ मध्ये काम संपलं तेव्हा १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला होता. इथे झिर्कोनियमचं ऑक्साइड काटेकोर अर्थाने उत्प्रेरक नाही, वाहक आहे. पण रिकाम्या जागेचा खेळ तोच.

प्रकाशाने चालणाऱ्या उत्प्रेरकांबद्दल मी जरा संशयी आहे. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि इतर काही पदार्थांवर प्रकाश टाकून पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, मिथेनॉल वगैरे मिळवलं, आणि तेव्हापासून या विषयावर शोधनिबंधांचा पूर लोटला. पण टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते असतात जेमतेम पाच टक्के. शिवाय उत्पन्न सहसा इतकं अल्प, की पदार्थावर आधीपासून चिकटलेल्या सेंद्रिय मळातूनही तेवढा कार्बन निघू शकतो. खुणेचा कार्बन वापरून पडताळणी केलेली नसेल, तर अशा निकालांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

विजेच्या घटांत कथिलाचं ऑक्साइड फॉर्मिक आम्लाच्या क्षारांकडे नेतं. तांब्याच्या ऑक्साइडपासून घटातच तयार झालेलं तांबं मोनॉक्साइड आणि अधिक मोठे रेणू बनवण्यात साध्या तांब्यापेक्षा सरस ठरलं आहे. त्यात ऑक्साइडचा अंश उरतो की त्याने मागे सोडलेला खडबडीतपणा काम करतो, हे भांडण चालू आहे.

हायड्रोजनचं बिल

आता तो कडू हिशोब. एक टन मिथेनॉल बनवायला सुमारे १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. जगातला बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासूनच्या एक किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे १९० किलोमागे १.७ ते १.९ टन. पावणेदोन टन हवेत सोडून १.३७५ टन पकडल्याचा आनंद मानायचा! उत्प्रेरक कितीही हुशार असला तरी ही वजाबाकी तो बदलू शकत नाही.

पाण्याचं विघटन करून हायड्रोजन घेतला तर दर किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज लागते. एका टन मिथेनॉलमागे साधारण १० हजार युनिट. त्या टनभर मिथेनॉलमध्ये ऊर्जा असते साडेपाच हजार युनिटांची. हा तोटा म्हणजे राखेपासून पुन्हा इंधन बनवण्याची किंमत. वीज सूर्य, वारा किंवा पाण्याची असेल तरच ती मोजण्यात अर्थ आहे. विजेवर गाडी थेट चालवता येत असेल तिथे तर हा वळसा घालूच नये. जहाजं, विमानं आणि रसायनांचा कच्चा माल, जिथे कार्बनचा रेणूच हवा असतो, तिथे तो वळसा समजण्यासारखा आहे.

आवाक्याचंही भान हवं. जगात वर्षाला ११ कोटी टनांच्या घरात मिथेनॉल बनतं. ते सगळंच्या सगळं कार्बन डायऑक्साइडपासून बनवलं तरी लागेल सुमारे १५ कोटी टन. खनिज इंधनांतून दर वर्षी बाहेर पडतो ३७ अब्ज टनांच्या आसपास. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. शिवाय ते मिथेनॉल जाळलं की कार्बन पुन्हा हवेत.

बातम्यांतले आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळावं. ‘निवडक्षमता ८० टक्के’, म्हणजे जे बनलं त्यात हव्या पदार्थाचा वाटा ८० टक्के, असं लिहिलेलं असतं, पण अनेकदा तो आकडा कार्बन मोनॉक्साइड वगळून काढलेला असतो. तो धरला तर निम्म्यावरही येऊ शकतो. तसंच १,००० तास म्हणजे जेमतेम सहा आठवडे, आणि कारखान्यातल्या उत्प्रेरकाकडून काही वर्षं टिकण्याची अपेक्षा असते. इंडियमचं तर वेगळंच दुखणं आहे. ते जस्ताच्या खाणकामात उपउत्पादन म्हणून वर्षाला साधारण हजार टन मिळतं आणि त्यावर पडदे बनवणाऱ्यांचा आधीच डोळा आहे. सेरियम मात्र दुर्मीळ मृदा धातूंत गणलं जात असलं तरी पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकंच आहे.

प्रत्यक्षात उभे राहिलेले कारखाने हाच हिशोब वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवतात. आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगी इथे २०१२ मध्ये सुरू झालेला, रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांच्या नावाचा कारखाना भूगर्भीय उष्णतेच्या वीजकेंद्रातून निघणारा वायू वापरण्यासाठी उभारला गेला. क्षमता वर्षाला ४,००० टन मिथेनॉल. चीनमधल्या आन्यांग इथला, २०२२ मध्ये सुरू झालेला कारखाना १ लाख १० हजार टनांचा आहे, पण त्याचा हायड्रोजन कोक भट्ट्यांच्या वायूतून येतो, म्हणजे मुळात कोळशातून. डेन्मार्कमधल्या कासो इथे २०२५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइड बायोगॅसमधून घेतात, हायड्रोजनसाठीची वीज मुख्यतः शेजारच्या सौर प्रकल्पातून, आणि वर्षाला ४२ हजार टनांपर्यंत बनणाऱ्या मिथेनॉलचा एक ग्राहक आहे कंटेनर जहाजांची मेर्स्क कंपनी. तिथला कार्बन जहाजाच्या धुराड्यातून हवेत जातो खरा, पण तो मुळात हवेतूनच वनस्पतींनी घेतलेला असतो.